जिवाणूच्या विकासातील ‘संकेत’ : बॅसिलस सबटिलिसच्या बीजाणुनिर्मितीचे उदाहरण

आधुनिक जीवशास्त्राने आपल्या परिभाषेचा बराचसा भाग लेखन-वाचनाच्या व्यवहारातून उसना घेतला आहे. डीएनएवरील मजकुराचे आरएनएमध्ये ‘प्रतिलेखन’ होते, त्या आरएनएचे प्रथिनात ‘भाषांतर’ होते, जनुकाची ‘अभिव्यक्ती’ होते आणि एक पेशी दुसऱ्या पेशीला ‘संकेत’ देते. यांपैकी पहिल्या दोन शब्दांविषयी वाद-प्रतिवाद पुष्कळ झाले आहेत. शेवटचा शब्द मात्र सहसा विनाचौकशी स्वीकारला जातो. भाषेच्या अभ्यासकाला तो तितक्या सहजपणे स्वीकारता येत नाही. आपल्याकडील न्याय व व्याकरण या दोन्ही शास्त्रांत ‘संकेत’ या शब्दाला नेमका अर्थ आहे. अमुक शब्दावरून अमुक अर्थ समजावा, अशी जी व्यवस्था, तिला संकेत म्हणतात. दोन पेशींमध्ये अशी काही व्यवस्था असते काय? असल्यास ती कशाच्या आधारावर उभी राहते? या प्रश्नांचा विचार मोघमपणे करण्यापेक्षा एखादे लहान, पण कसून अभ्यासलेले उदाहरण घेणे बरे. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूची बीजाणुनिर्मिती हे असे उदाहरण आहे.

हा जिवाणू मातीत व वाळल्या गवतावर सर्वत्र आढळतो. ब्रेस्लाउ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन याने त्याला १८७२ साली हे नाव दिले आणि १८७६ साली त्याच्या बीजाणूंचे वर्णन प्रसिद्ध केले. गवताचा काढा उकळला तरी त्यात काही काळाने पुन्हा जिवाणू दिसू लागतात, या जुन्या कोड्याचा उलगडा त्यामुळे झाला. त्याच नियतकालिकात त्याच वर्षी रॉबर्ट कॉखचा काळपुळीच्या (अँथ्रॅक्सच्या) जिवाणूवरील निबंध आला आणि त्या जिवाणूच्या जीवनक्रमातही बीजाणूचे स्थान सिद्ध झाले. अन्न संपत आले की हा जिवाणू वाढ थांबवितो आणि आपल्या अंगातच दुसरी एक पेशी घडवितो. ती पुढे जाड कवचांत बंद होऊन सुप्तावस्थेत जाते. उकळते पाणी, कोरडेपणा, जंतुनाशके यांना ती दाद देत नाही. शस्त्रक्रियेची उपकरणे दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागतात, याचे कारण हे बीजाणूच होत.

अनुकूल परिस्थितीत ही सर्व घडण सात-आठ तासांत पुरी होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या छायाचित्रांवरून तिचे शून्यापासून सातपर्यंत टप्पे पाडण्यात आले. शून्य म्हणजे आरंभापूर्वीची स्थिती. दुसऱ्या टप्प्यात पेशीच्या एका टोकाजवळ आडवा पडदा तयार होऊन दोन असमान भाग पडतात : लहान तो पूर्वबीजाणू, मोठी ती मातृपेशी. तिसऱ्या टप्प्यात मातृपेशी पूर्वबीजाणूला चहूंकडून वेढून पोटात घेते. चौथ्या व पाचव्या टप्प्यांत त्याच्याभोवती आवरणांचे थर चढतात. शेवटी मातृपेशी फुटून नष्ट होते आणि बीजाणू मोकळा होतो. या विकासात भाग घेणाऱ्या जनुकांची नावे याच टप्प्यांवरून ठेवली आहेत, आणि त्या नामकरणाची रीत पाहण्यासारखी आहे. ‘स्पो-२’ या नावाने सुरू होणारे जनुक दुसऱ्या टप्प्यात काम करते, असा अर्थ नव्हे. ते जनुक बिघडले असता विकास दुसऱ्या टप्प्यावर अडतो, असा अर्थ आहे. ‘स्पो-०’ गटातील जनुक बिघडले तर आरंभच होत नाही. म्हणजे येथे प्रत्येक नाव हे अभावाच्या परिणामावरून पडलेले आहे. प्रकृती कोणता अर्थ सांगते व प्रत्यय कोणता, हे वेगळे काढण्यासाठी पतंजलीने महाभाष्यात अन्वय-व्यतिरेकाची जी युक्ती वापरली, तिच्यातील व्यतिरेकाचीच ही प्रयोगशाळेतील योजना म्हणावी लागेल.

आता आरंभाकडे वळू. उपासमार ही बाहेरची घटना. तिची दखल पेशीच्या आत कशी घेतली जाते? १९९१ साली जेम्स हॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मार्गाची साखळी उलगडून दाखविली. काही विशिष्ट एंझाइमे स्वतःवर फॉस्फेटचा एक गट चढवितात. तेथून तो स्पो-०-एफ या प्रथिनावर, त्याच्यावरून स्पो-०-बीवर आणि अखेर स्पो-०-ए या प्रथिनावर जातो. फॉस्फेट मिळालेले स्पो-०-ए डीएनएवरील ठरावीक जागी बसून जनुके चालू किंवा बंद करते. अशी सुमारे १२० जनुके त्याच्या थेट ताब्यात आहेत. एवढा लांबचा फेरा कशासाठी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु प्रत्येक हस्तांतराच्या ठिकाणी अडवणुकीला जागा आहे, हेच या रचनेचे इंगित आहे. रॅप-ए नावाचे प्रथिन स्पो-०-एफवरील फॉस्फेट काढून टाकते आणि साखळी मधेच तुटते. रॅप-एला आवर घालणारा रेणू म्हणजे पाच अमिनो आम्लांचा एक तुकडा. तो ४४ अमिनो आम्लांच्या लांब साखळीच्या रूपाने तयार होतो, पेशीबाहेर टाकला जातो, तेथे त्याची छाटणी होते, आणि एका खास वाहिनीतून तो पुन्हा आत घेतला जातो.

जी वस्तू आत हवी ती बाहेर पाठवून परत का आणावी? याची दोन उत्तरे दिली जातात. शेजारी भाईबंद किती आहेत याचा अंदाज घेण्यासाठी, हे पहिले. अनेक पेशींनी टाकलेला तुकडा भोवताली साठला तरच तो पुरेशा प्रमाणात आत येईल. दुसरे उत्तर मार्ता पेरेगो यांनी १९९७ साली मांडले. त्यांच्या मते हा प्रवास म्हणजे मुख्यतः कालमापनाची सोय आहे. बाहेर जाऊन परत येण्यास लागणाऱ्या अवधीत पेशीला आपला निर्णय तोलता येतो. पहिले उत्तर खरे धरले तर हा रेणू संवाद ठरतो, दुसरे खरे धरले तर ते स्वगत होते. रेणू तोच, त्याची घडण तीच, वाटही तीच. तेव्हा केवळ रेणूकडे पाहून त्याला ‘संकेत’ म्हणावे की नाही हे ठरविता येत नाही, एवढे तरी यातून निष्पन्न होते.

स्पो-०-ए पुरेशा प्रमाणात साठले की टोकाजवळचा पडदा तयार होतो. येथून पुढे कथानक खऱ्या अर्थाने दोन पात्रांचे आहे. दोन्ही भागांकडे एकच वंशसंचित आहे. ४२ लाखांहून अधिक मूलाक्षरांची तीच संहिता दोघांपाशी. तरीही एकाने बीजाणू व्हायचे आणि दुसऱ्याने त्याला घडवून मरायचे. हा भेद कोणते पान वाचले जाते यावर अवलंबून असतो. जिवाणूंमध्ये आरएनए घडविणारे यंत्र स्वतः होऊन जनुकाची सुरुवात ओळखू शकत नाही; त्यासाठी त्याला सिग्मा नावाच्या घटकाची जोड लागते. हा घटक १९६९ साली ई. कोलाय या जिवाणूत प्रथम सापडला. सिग्मा बदलला की वाचण्याची स्थळे बदलतात. बॅसिलस सबटिलिसमध्ये बीजाणुनिर्मितीसाठी असे चार खास घटक आहेत : पूर्वबीजाणूत आधी सिग्मा-एफ व नंतर सिग्मा-जी, मातृपेशीत आधी सिग्मा-ई व नंतर सिग्मा-के. हार्वर्ड विद्यापीठातील रिचर्ड लोसिक व पॅरिसचे पात्रिक स्त्राजिए यांनी १९९२ साली दाखवून दिले की हे चार घटक दोन स्वतंत्र रांगांत काम करीत नाहीत. पूर्वबीजाणूतील सिग्मा-एफ मातृपेशीतील सिग्मा-ईला जागा करतो. सिग्मा-ई पूर्वबीजाणूतील सिग्मा-जीला. आणि सिग्मा-जी पुन्हा मातृपेशीतील सिग्मा-केला. पडद्याच्या या बाजूकडून त्या बाजूकडे असा हा आडवा-तिडवा टाका पडत जातो.

यांतील पहिला टाका सर्वांत बारकाईने तपासला गेला आहे. मातृपेशीचा सिग्मा-ई पडदा पडण्यापूर्वीच तयार झालेला असतो, परंतु निष्क्रिय स्वरूपात. त्याच्या अग्रभागी सुमारे २७ अमिनो आम्लांचे एक शेपूट असते आणि ते असेतोवर त्याला काम करता येत नाही. हे शेपूट तोडणारे प्रथिनही जवळच पटलात बसलेले असते, तेही निष्क्रिय. सिग्मा-एफ पूर्वबीजाणूत जागा झाल्यावर स्पो-२-आर या प्रथिनाचे जनुक वाचले जाते. ते प्रथिन पूर्वबीजाणूतून बाहेर पडून दोन पटलांमधील फटीत येते आणि तोडणाऱ्या प्रथिनाला कामास लावते. १९९५ साली वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून हे जवळजवळ एकाच वेळी पुढे आले. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की स्पो-२-आर मातृपेशीला काय करायचे ते सांगत नाही. सिग्मा-ईच्या ताब्यातील अडीचशेच्या आसपास जनुकांपैकी एकाचाही पत्ता त्याच्यापाशी नाही. तो कळवितो ते फक्त एवढेच की पलीकडे पडदा पुरा झाला असून सिग्मा-एफ कामास लागला आहे. पुढचे सर्व मातृपेशीने आधीच मांडून ठेवलेले असते. दळण दळून, पीठ मळून, तवा तापवून बसलेल्या घरात ‘पाहुणे आले’ एवढीच हाक यावी, तसा हा प्रकार आहे.

मात्र ही हाक आली नाही तर काय होते, हे पाहिले म्हणजे तिचे मोल कळते. बीजाणुनिर्मितीला आरंभ करणाऱ्या पेशीत गुणसूत्राच्या दोन प्रती असतात आणि पडदा तयार करण्याची सामग्री दोन्ही टोकांजवळ जमलेली असते. एका टोकाला पडदा पडला की दुसऱ्या टोकाचे काम थांबले पाहिजे. ते थांबविणारी तीन जनुके सिग्मा-ईच्या हुकमतीखाली आहेत. स्पो-२-आर नसेल तर सिग्मा-ई जागा होत नाही, दुसऱ्याही टोकाला पडदा पडतो, दोन्ही प्रती दोन टोकांच्या कोठड्यांत जाऊन बसतात आणि मधली मातृपेशी वंशसंचितावाचून रिकामी राहते. तिला कोणतेच जनुक वाचता येत नाही, मग आवरण कोण घडविणार? असा जिवाणू पुढेही जाऊ शकत नाही आणि मागेही फिरू शकत नाही. म्हणजे हा निरोप पोचला की नाही याइतकेच, तो केव्हा पोचला याला महत्त्व आहे. तो वेळेवर पोचला तरच उपयोग.

आणि ही वेळ साधली कशी जाते? पडदा तयार होतो तेव्हा पूर्वबीजाणूच्या वाट्याचे गुणसूत्र पुरते आत आलेले नसते; त्याचा सुमारे एक-तृतीयांश भागच आत असतो, आणि उरलेला भाग पडद्यात बसलेले एक प्रथिन ओढून आत आणते. १९९४ साली लिंग जुआन वू व जेफ एरिंग्टन यांच्या संशोधनाने ही गोष्ट प्रकाशात आली. हे ओढण्याचे काम दहा-पंधरा मिनिटे चालते. स्पो-२-आरचे जनुक गुणसूत्राच्या आरंभबिंदूच्या बाजूला असल्यामुळे ते पहिल्याच एक-तृतीयांशात येते आणि लगेच वाचले जाते. २००० व २००१ साली झालेल्या प्रयोगांत ते जनुक जसेच्या तसे उचलून गुणसूत्राच्या दुसऱ्या टोकाकडे ठेवण्यात आले. जनुकात एका अक्षराचाही फरक केला नव्हता, आणि त्यापासून होणारे प्रथिनही तेच होते. तरीही ते आत येईपर्यंत उशीर होऊन पुष्कळ पेशींत दुसरा पडदा पडला आणि बीजाणूंचे प्रमाण घटले. वाक्यातील पदाचे स्थान बदलले असता अर्थ बदलतो, हे इंग्रजीसारख्या भाषांत नित्य दिसते; विभक्तिप्रत्ययांमुळे मराठीला त्याची तितकी सवय नाही. येथे मात्र स्थान हाच जणू प्रत्यय आहे. जनुक ‘कोठे’ आहे यावरून ते ‘केव्हा’ बोलणार हे ठरते.

दुसऱ्या टाक्याविषयी थोडक्यात सांगणे पुरे. मातृपेशीने पूर्वबीजाणूला पोटात घेतल्यावर दोघांमधील दोन्ही पटले ओलांडणारी एक वाहिनी तयार होते. तिचा एक घटक पूर्वबीजाणू पुरवितो, बाकीचे मातृपेशी. ही वाहिनी नसेल तर पूर्वबीजाणू खंगत जातो आणि सिग्मा-जीचे काम चालत नाही. आरंभी या वाहिनीतून काही विशिष्ट निरोप जात असावा अशी कल्पना होती. २००९ साली अमी कॅम्प व लोसिक यांनी निराळा अर्थ सुचविला : वाहिनी निरोपाची नसून पोषणाची असावी, कारण ती नसताना पूर्वबीजाणूत कोणतेच जनुक नीट वाचले जात नाही. हा अर्थ मान्य केला तर या टाक्याला ‘संकेत’ म्हणणे अवघड होईल. भुकेल्याला अन्न दिले म्हणजे त्याला काही सांगितले असे होत नाही. तथापि संशोधनपर लेखनात पहिल्या टाक्याप्रमाणे यालाही सरसकट तोच शब्द लावला जातो, हे परिभाषेच्या दृष्टीने सदोष वाटते.

तिसरा टाका पुन्हा पहिल्याच्या वळणावर जातो. सिग्मा-केलाही निष्क्रियतेचे शेपूट आहे, २० अमिनो आम्लांचे. ते तोडणारे प्रथिन मातृपेशीत तयार असते, पण दोन रखवालदार प्रथिने त्याला धरून ठेवतात. पूर्वबीजाणूतून सिग्मा-जीच्या हुकमाने स्पो-४-बी हे प्रथिन बाहेर येते व रखवाली मोडते. १९९० साली सायमन कटिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उत्परिवर्तित जिवाणू अभ्यासले की ज्यांत ही रखवालीच नाहीशी झाली होती. त्यांच्यात पूर्वबीजाणूच्या निरोपावाचून सिग्मा-के जागा होत असे, आणि तो सुमारे तासभर आधी जागा होत असे. जनुके तीच वाचली गेली, आवरणाचे साहित्यही तेच. तरी निपजलेल्या बीजाणूंची घडण बिघडली आणि पुढे त्यांच्या अंकुरणात अडथळा आला. घाई हेच काय ते वैगुण्य. त्या निबंधात या यंत्रणेला मातृपेशीच्या मार्गावरील तपासणीचे नाके म्हटले आहे, आणि ती उपमा ‘संकेता’पेक्षा वस्तुस्थितीला अधिक जवळची आहे.

मग ‘संकेत’ शब्द सर्वस्वी त्याज्य ठरतो काय? तसे म्हणणे घाईचे होईल. झाक मोनो याने १९७० सालच्या आपल्या ग्रंथात एका गोष्टीवर भर दिला आहे : नियंत्रण करणारा रेणू आणि ज्याचे नियंत्रण होते ते कार्य यांच्यात रासायनिकदृष्ट्या कोणताही आवश्यक संबंध नसतो. हा संबंध उत्क्रांतीच्या ओघात जडलेला असतो, तो दुसरा काहीही असू शकला असता. स्पो-२-आरच्या आकारात ‘दुसरा पडदा थांबव’ असे सुचविणारे काही नाही, जसे ‘झाड’ या ध्वनीत झाडाचे काही नाही. सोस्यूरने भाषिक चिन्हाचे जे यादृच्छिकत्व सांगितले, त्याच्याशी याचे साम्य उघड आहे, आणि तेवढ्यापुरता ‘संकेत’ शब्द येथे शोभतो. परंतु संकेताला दुसरेही एक अंग आहे. एकच पद नव्या वाक्यात नव्या पदांबरोबर जोडून पूर्वी कधी न सांगितलेली गोष्ट सांगता येते. पेशींच्या या व्यवहारात तसे काही नाही. प्रत्येक निरोप एकदाच, एकाच ठिकाणी, एकाच श्रोत्यासाठी येतो, आणि त्याचा दुसऱ्या निरोपाशी अन्वय होत नाही. म्हणून ‘संकेत’ अथवा ‘संदेश’ यांपेक्षा ‘इशारा’ हा साधा शब्द येथे अधिक काटेकोर ठरेल. इशाऱ्यात ठरलेपण असते, वेळ असते. मजकूर मात्र ज्याला इशारा करायचा त्याच्याजवळ आधीपासून असावा लागतो.

इशाऱ्यांची ही व्यवस्था सर्व बीजाणुधारी जिवाणूंत सारखी नाही, आणि तुलनेचा खरा लाभ येथेच होतो. मोठ्या आतड्याचा गंभीर विकार घडविणारा क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिले हा जिवाणू घ्यावा. बीजाणूंच्याच रूपाने तो रुग्णालयांतून पसरतो. त्याच्यापाशीही हेच चार सिग्मा घटक आहेत आणि त्यांची कामेही सामान्यतः तीच. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांत असे दिसले की दोन बाजूंमधील टाके तेथे बरेच सैल आहेत. सिग्मा-जीला सिग्मा-ईची वाट पाहावी लागत नाही. सिग्मा-केला तर ते अडविणारे शेपूटच नाही, त्यामुळे ते तोडण्याचा निरोपही नाही. मग सिग्मा-के अवेळी जागा का होत नाही?

याचे उत्तर बॅसिलस सबटिलिसच्याच एका विचित्र प्रकरणात दडलेले आहे. त्याच्या गुणसूत्रावर सिग्मा-केचे जनुक अखंड नाही. त्याचे दोन तुकडे असून मध्ये सुमारे ४८ हजार मूलाक्षरांचा परका मजकूर घुसलेला आहे. बीजाणुनिर्मितीच्या वेळी, फक्त मातृपेशीत, हा मजकूर कापून काढला जातो व दोन तुकडे जुळून जनुक वाचनीय होते. मातृपेशी तशीही मरणारच असते, म्हणून तिच्या संहितेत कायमची काटछाट झाली तरी वंशाचे काही बिघडत नाही. बीजाणूतील प्रत शाबूत राहते. स्त्राजिए, लोसिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली हे शोधून काढले तेव्हा नियंत्रणाची एक नवीनच तऱ्हा हाती लागली असे वाटले. पुढच्याच वर्षी असे आढळले की हा मजकूर आधीच काढून टाकलेला जिवाणूही व्यवस्थित बीजाणू निर्माण करतो. शेपूट व रखवालदार असताना या काटछाटीची वेळ पाळण्यासाठी गरज उरत नाही. डिफिसिलेच्या सिग्मा-के जनुकातही असाच एक परका मजकूर आहे, आणि तेथे २००३ साली नेमके उलट दिसले : तो नसलेले वाण बीजाणू नीट निर्माण करू शकत नाहीत. त्या जिवाणूत शेपटाच्या जागी कात्री वेळ राखते. पूर्वबीजाणूच्या इशाऱ्यावाचून मातृपेशी स्वतःच्याच संहितेची दुरुस्ती केव्हा पुरी होते यावर आपला काळ मोजते.